मरे नदीकाठचा डग : सर डग्लस निकल्स



फुटबॉल म्हटले की आपल्या बेळगावकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर एकतर गोव्याचे संघ येतात, नाहीतर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर भरणारे तालमींचे सामने. या वेळी मात्र आम्ही तुम्हाला एका निराळ्याच फुटबॉलची आणि तो खेळणाऱ्या एका बुटक्या माणसाची हकिकत सांगणार आहोत. हा माणूस ऑस्ट्रेलियातल्या एका खेड्यात जन्मला, मेंढ्यांच्या जखमांना डांबर लावत मोठा झाला आणि शेवटी एका राज्याचा राज्यपाल झाला. नाव डग्लस राल्फ निकल्स. सगळे त्यांना डग म्हणत, पुढे पास्टर डग म्हणू लागले, आणि अखेरीस सर डग्लस. त्यांना जाऊन १९८८ साली ४ जूनला किती वर्षे झाली ते मुलांनी वजाबाकी करून काढावे.

आधी खेळाविषयी थोडेसे, नाहीतर पुढचे समजणार नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे मैदान आपल्या क्रिकेटच्या मैदानासारखे अंडाकृती असते. खरे म्हणजे ते क्रिकेटचेच मैदान असते. उन्हाळ्यात तिथे बॅट-बॉल आणि हिवाळ्यात फुटबॉल, अशी तिकडची जुनी वहिवाट. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडूही लांबट. तो हातात धरून पळता येते, पण पळताना मधून मधून जमिनीवर आपटावा लागतो. साथीदाराला देताना तो फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, नाहीतर लाथेने उडवायचा. लाथेने लांबून आलेला चेंडू हवेतच झेलला तर खेळाडूला निवांत किक मिळते, त्यामुळे झेलासाठी माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारख्या उड्या घेतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक मारली की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेली तर १. एकूण काय, उंच आणि दांडग्या माणसांचा खेळ. डग निकल्स यांची उंची होती अवघी पाच फूट दोन इंच.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, कमरागंजा येथला. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांच्या मधून मरे नदी वाहते. नदीच्या न्यू साउथ वेल्सच्या काठावर योर्टा योर्टा या मूळ रहिवासी लोकांची ही वसाहत, १८८८ साली वसलेली. एका काठावर एक राज्य, दुसऱ्या काठावर दुसरे, आणि माणसे व नातीगोती मात्र दोन्हीकडे. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे काही वेगळे समजावून सांगायला नको. पण तिथली सरकारी मंडळी आपल्यापेक्षा फारच कडक होती. वसाहतीवर व्यवस्थापक नेमलेला असे. कोणी यायचे, कोणी जायचे, शिधा किती मिळायचा, हे सारे त्याच्या हातात. लोकांनी कष्ट करून जमिनी लागवडीखाली आणल्या होत्या, त्याही पुढे काढून घेण्यात आल्या.

सगळ्यांत भयंकर कायदा मुलांविषयीचा होता. मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून काढून संस्थांमध्ये ठेवण्याचा अधिकार सरकारी मंडळाला होता आणि १९१५ साली तो आणखी वाढवण्यात आला. छोटा डग तेव्हा आठ वर्षांचा होता. पोलीस आले आणि त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला घरातून घेऊन गेले. तिला कूटामंड्रा येथील मुलींच्या वसतिगृहात ठेवले. तिथे मुलींना गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करण्यासाठी तयार करीत. आठ वर्षांच्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले. पुढे या माणसाने आयुष्यभर जे केले त्यामागे काय होते, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही आधी या प्रसंगाकडे बोट दाखवू, मैदानाकडे नंतर.

कमरागंजाला एक शाळा होती आणि त्या शाळेचे मास्तर म्हणजे आमच्या दृष्टीने या हकिकतीतले एक मोठे पात्र. थॉमस शॅड्रॅक जेम्स हे त्यांचे नाव. नावावरून कोणाच्या लक्षात येणार नाही, पण हे गृहस्थ भारतीय वंशाचे होते. मॉरिशसमध्ये १८५९ साली एका भारतीय दुभाष्याच्या घरी त्यांचा जन्म झाला आणि घराण्याचे मूळ नाव होते पीरसाहेब. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियाला आले. मेलबर्नजवळच्या समुद्रकिनारी त्यांची मूळ रहिवाशांच्या एका तांड्याशी गाठ पडली. त्यांच्याबरोबर ते मरे नदीकाठी गेले ते कायमचेच. तिथल्याच एडा कूपर या मुलीशी त्यांनी लग्न केले आणि १९२२ साली निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवले. सुरुवातीचा काळ तर बिनपगारी. आपल्या विश्वस्त मंडळींनी आणि शिक्षकांनी हे वाक्य कृपया एकमेकांना दाखवू नये!

आदिवासींच्या शाळेत तिसरीच्या पलीकडे शिकवायचे नाही, असा तेव्हाचा सरकारी शिरस्ता होता. जेम्स मास्तर दिवसा तिसरीपर्यंतचे शिकवीत आणि संध्याकाळी मोठ्या मुलांना व प्रौढांना त्यापुढचे. अर्ज कसा लिहावा, सभेत उभे राहून कसे बोलावे, कायदा काय म्हणतो, हे त्यांनी शिकवले. त्यांचे मेहुणे विल्यम कूपर हे त्यांच्याकडेच लिहायला-वाचायला शिकले. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी विसाव्या शतकात जी चळवळ झाली, तिचे कितीतरी पुढारी या एका खेडेगावच्या शाळेतून बाहेर पडले. डगही याच शाळेतला. चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा सुटली.

पोटापाण्यासाठी तो काकांबरोबर मेंढ्यांच्या वाड्यांवर जाऊ लागला. लोकर कातरताना कातरीने मेंढीला जखम झाली की कातरणारा हाक मारी आणि मुलाने डांबराचा डबा घेऊन धावत जाऊन जखमेवर डांबर लावायचे. हे त्याचे काम. पोरगे कष्टाळू आणि सदा हसतमुख. एका कातरणाऱ्याला त्याचे हे हसणेच खुपू लागले. त्याने पोराला मुष्टियुद्धाचे आव्हान दिले. हरेल त्याने आठवड्याचा पगार द्यायचा असे ठरले. सहा फेऱ्या झाल्यावर त्या मोठ्या माणसाने हार मानली. पुढे डगने पाटबंधाऱ्याचे कालवे खणण्याचेही काम केले.

आता फुटबॉल. कमरागंजाचा स्वतःचा संघ होता आणि आसपासच्या गोऱ्या लोकांच्या संघांना त्याचा धाक असे. ऑस्ट्रेलियात खेड्यापाड्यांतून फुटबॉलच्या लीग असतात. दर शनिवारी एका गावचा संघ दुसऱ्या गावी जातो. सारे गाव मैदानाभोवती जमते, बायका चहा-केकचे टेबल मांडतात आणि सामना संपला की आठवडाभर त्याचीच चर्चा चालते. आपल्याकडे गावच्या कुस्त्यांच्या फडाची जी जागा, तीच तिथे या सामन्यांची. डग नदीपलीकडच्या टाँगाला या गावासाठी खेळू लागला. त्याचा वेग लोकांच्या नजरेत भरला. मैदानाच्या कडेने, म्हणजे विंगवर, तो चेंडू घेऊन सुटला की मागचा माणूस मागेच राही. आणि एवढाशा उंचीचा माणूस झेलासाठी इतका उंच उडतो कसा, याचे सगळ्यांना नवल वाटे.

शहरातून बोलावणे आले. १९२७ साली कार्लटन या मेलबर्नच्या नामांकित क्लबकडे तो चाचणीसाठी गेला. इथून पुढचे मुलांनी नीट वाचावे.

सराव झाला की खेळाडूंच्या पायांना तेल लावून मालिश करण्याची तिथे पद्धत होती. त्यासाठी क्लबचे मालिशवाले असत. डगची पाळी आली तेव्हा त्याच्या अंगाला हात लावायला नकार मिळाला. कारण त्याचा रंग. संघातल्या खेळाडूंनीही त्याच्या अंगाला वास येत असल्याची कुरकुर केली. तो क्लबच्या पहिल्या संघातून एकही सामना न खेळता बाहेर पडला.

हे वाचताना आम्हाला आपल्याच बाजूची एक गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. पळवणकर बाळू १८७६ साली इथून जवळच, धारवाडला जन्मले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना ते गडी बाद करीत तेव्हा सारे टाळ्या वाजवीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा गोलंदाज. चेंडूला त्यांचा हात लागलेला चालत होता, कपाला चालत नव्हता! तेव्हा कार्लटनच्या त्या खोलीकडे पाहून आपण फार नाक मुरडू नये.

डग निकल्स रागावून गावी परतले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. ते नॉर्थकोटला गेले. हा क्लब व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या एक पायरी खाली खेळणारा. तिथे त्यांना नीट वागवले गेले आणि ते त्या क्लबचे लाडके झाले. १९२९ साली नॉर्थकोटने अजिंक्यपद मिळवले, त्या संघात ते होते. त्याच वर्षी त्यांनी न्याह आणि वॉरकनबील या दोन गावांच्या धावण्याच्या शर्यती जिंकल्या. या शर्यतींना तिकडे गिफ्ट म्हणतात. बक्षीस रोख असते, आणि ताकदीप्रमाणे कोणाला पुढून तर कोणाला मागून सोडतात. पुढे तर आयोजक त्यांना खर्च देऊन बोलावू लागले, कारण ते धावणार म्हटले की गर्दी हमखास.

मग मंदीची वर्षे आली. फुटबॉलचे पैसे हिवाळ्यापुरते, ते पुरणार किती? १९३१ साली ते जिमी शार्मन यांच्या मुष्टियुद्धाच्या तंबूत दाखल झाले. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ किंवा तमाशाचे फड गावोगाव फिरतात तसा हा तंबू फिरे. बाहेर फळीवर मुष्टियोद्धे ओळीने उभे करीत, ढोल बडवीत आणि गावातल्या गड्यांना आव्हान देत. त्या फळीवर मूळ रहिवासी तरुण पुष्कळ असत. पैसे मिळत, टाळ्याही मिळत, पण हा काही मानाचा धंदा नव्हता.

१९३२ साली फिट्झरॉय क्लबने त्यांना घेतले आणि ते मोठ्या लीगमध्ये पोहोचले. पाच वर्षांपूर्वी ज्या दारातून बाहेर पडले, त्याच तोलाच्या दारातून आत. पहिल्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत ते एका कोपऱ्यात एकटेच बसले होते, असे सांगतात. कार्लटनची आठवण ताजी असणार. तेव्हा त्या खोलीतला सगळ्यांत नावाजलेला खेळाडू उठला, आपले सामान उचलले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. तो हेडन बंटन. लीगमधल्या सर्वोत्तम आणि सभ्य खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक बंटनने तीन वेळा मिळवले, १९३१, १९३२ आणि १९३५ साली. बंटनही मरे नदीकाठचाच, ऑल्बरीचा. तो शेजारी बसल्यावर बाकीच्यांची कुरकुर करण्याची टाप नव्हती. दोघांची दोस्ती पुढे टिकली. या प्रसंगात बंटनने काही भाषण केले नाही, व्यवस्थापनाकडे तक्रार केली नाही, फक्त जागा बदलली. वर्गात नवीन मूल येते तेव्हा त्याच्या बाकावर कोण बसते, हे आम्ही शिक्षक मंडळी दर जूनमध्ये पाहतोच.

फिट्झरॉयकडून डग निकल्स १९३७ पर्यंत ५४ सामने खेळले. त्या वर्षांत फिट्झरॉयला अजिंक्यपद काही मिळाले नाही, पण विंगवरचा हा छोटा खेळाडू पाहायला लोक येत. १९३५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात त्यांची निवड झाली. आंतरराज्य सामन्यांसाठी निवडले गेलेले ते पहिले मूळ रहिवासी. १९३८ साली ते पुन्हा आपल्या नॉर्थकोटकडे आले. पण गुडघा साथ देईना आणि १९३९ साली खेळणे थांबले. १९४७ मध्ये नॉर्थकोटनेच त्यांना प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. ज्या माणसाच्या पायाला वीस वर्षांपूर्वी त्याच शहरात कोणी हात लावायला तयार नव्हते, त्याच्यापुढे आता गोरे खेळाडू रांगेत उभे राहून डावपेच ऐकत होते. प्रशिक्षकपदाची ही कामगिरी मोठी लांबली नाही, कारण तोवर त्यांच्या अंगावर दुसरी कामे येऊन पडली होती.

ती कशी आली, ते पाहू.

मेलबर्नमध्ये विल्यम कूपर, म्हणजे जेम्स मास्तरांचे तेच मेहुणे, सत्तरी ओलांडलेल्या वयात आपल्या लोकांसाठी झगडत होते. नात्याने ते डगचे आजोबांच्या पिढीतले. त्यांनी इंग्लंडच्या राजाला देण्यासाठी एक अर्ज तयार केला आणि देशभर फिरवून त्यावर १८१४ सह्या जमवल्या. पार्लमेंटमध्ये आपल्या लोकांचा प्रतिनिधी असावा, ही त्यातली एक मागणी. अर्ज १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारकडे दिला. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही. म्हाताऱ्या कूपरनी डगना गळ घातली की तुझे नाव वर्तमानपत्रात येते, लोक तुझे ऐकतील, तू बोल. तोवर डग खेळाडूच होते. राजकारणात त्यांना रस नव्हता. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडवेना.

२६ जानेवारी १९३८ रोजी सिडनीत गोऱ्या वसाहतीला दीडशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना मूळ रहिवाशांनी तोच दिवस शोकदिन म्हणून पाळला. त्या सभेत डग होते. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, खुद्द कमरागंजात ठिणगी पडली. अपुरा शिधा, रोगराई आणि व्यवस्थापकाची जुलमी वागणूक यांना कंटाळून सुमारे दोनशे माणसे मुलेबाळे, गाठोडी घेऊन नदी ओलांडून व्हिक्टोरियाच्या बाजूला गेली आणि तिथेच तंबू ठोकून राहिली. आपला गाव, आपल्या पूर्वजांच्या समाध्या मागे टाकून नदी ओलांडणे म्हणजे काय, ते धरणात गाव गेलेल्यांना विचारावे. डग यांनी त्या लोकांसाठी मदत गोळा केली. कूपर १९४१ साली वारले.

याच सुमारास दुसरे महायुद्ध चालू होते. डग सैन्यात भरती झाले होते. पण १९४२ साली फिट्झरॉयच्या पोलिसांनीच विनंती करून त्यांना सैन्यातून सोडवून घेतले. का? फिट्झरॉय ही तेव्हा गरीब वस्ती. खेड्यातून कामासाठी आलेले मूळ रहिवासी तिथे दाटीवाटीने राहत. दारू, जुगार, मारामाऱ्या. पोलिसांना त्यांच्याशी बोलता येत नव्हते, डगना येत होते. फुटबॉलमुळे प्रत्येक पोर त्यांना ओळखत होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मृत भावाच्या पत्नीशी, ग्लॅडिस यांच्याशी, लग्न केले आणि तिच्या मुलांचेही ते वडील झाले. पुढच्या वर्षी फिट्झरॉयच्या गोर स्ट्रीटवर मूळ रहिवाशांसाठी छोटे चर्च सुरू झाले, त्याचे ते धर्मगुरू. तेव्हापासून ते पास्टर डग.

ग्लॅडिसबाईंविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण अशा चरित्रांत बायकोला एक ओळ मिळते आणि ती पुढे जाते. खेड्यातून शहरात नोकरीसाठी येणाऱ्या मुलींना राहायला जागा नसे. ग्लॅडिसबाईंनी त्यांच्यासाठी वसतिगृह उभारले. पैसे कुठून? जुने कपडे गोळा करून विकायचे, नाच-गाण्याचे कार्यक्रम करायचे, घरोघर जायचे. नवरा सभांना जाई तेव्हा घर भरलेलेच असे, कोणी रात्रीचा आसरा मागायला आलेला, कोणी तुरुंगातून सुटलेला. समुद्रकाठी क्वीन्सक्लिफला गरीब मुलांसाठी सुट्टीचे घर झाले, त्यातही त्यांचा हात होता. आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरातल्या माउल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

१९५७ हे वर्ष महत्त्वाचे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वॉरबर्टन डोंगररांगांत राहणारे मूळ रहिवासी उपासमारीने आणि आजाराने मरत असल्याचे कानावर आले. तो काळ दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ब्रिटिशांनी अणुस्फोटाच्या चाचण्या करण्याचा. डग निकल्स तिथले आमदार विल्यम ग्रेडन यांच्याबरोबर त्या भागात गेले आणि त्यांनी जे पाहिले त्याचे चित्रीकरण केले. हाडांचे सापळे झालेली मुले, डोळ्यांवर माशा बसलेल्या म्हाताऱ्या. तो चित्रपट घेऊन ते मेलबर्नला परतले आणि सभागृहा-सभागृहांतून, चर्चमधून दाखवत फिरले. लोक हादरले. त्याच वर्षी व्हिक्टोरियात अॅबोरिजिन्स अॅडव्हान्समेंट लीग ही संस्था स्थापन झाली आणि डग तिचे क्षेत्रीय कार्यकर्ते झाले. सभांमध्ये ते पियानोचे उदाहरण देत. काळ्या पट्ट्यांवरही सूर वाजतो, पांढऱ्यांवरही वाजतो, पण मेळ साधायचा तर दोन्ही लागतात, अशा अर्थाचे. पेटी वाजवणाऱ्या आपल्या मुलांना हे लगेच पटेल.

मृदू बोलणारा हा माणूस वेळ आली की हटत नसे. व्हिक्टोरियाच्या लेक टायर्स येथे मूळ रहिवाशांची राखीव वसाहत होती. सरकारने ती बंद करून लोकांना इकडे-तिकडे पांगवायचे ठरवले. डग स्वतः सरकारच्या कल्याण मंडळावर सदस्य होते. १९६३ साली त्यांनी राजीनामा दिला आणि लोकांबरोबर मोर्चात चालले. त्यांना कमरागंजा आठवत असणार. १९६५ साली ती वसाहत कायम राखीव म्हणून जाहीर झाली आणि १९७१ साली जमिनीची मालकी तिथल्या रहिवाशांच्या हाती आली. त्याआधी २७ मे १९६७ रोजी देशभर सार्वमत झाले. मूळ रहिवाशांना जनगणनेत धरावे आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारला कायदे करता यावेत, असा घटनाबदल होता. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. या प्रचारातही डग हिंडत होते.

सगळेच त्यांच्यावर खूश होते असे मात्र नाही, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६० च्या दशकाच्या शेवटी तरुण कार्यकर्त्यांची नवी पिढी आली. पास्टर डग फार मऊ बोलतात, गोऱ्यांशी फार जुळवून घेतात, राणीचे किताब स्वीकारतात, असे त्यांना वाटे. किताब तर एकामागून एक आले. १९५७ साली एमबीई, १९६८ साली ओबीई आणि १९७२ साली सर. सर ही पदवी मिळालेले ते पहिले मूळ रहिवासी. ज्या राजघराण्याकडे कूपर यांचा अर्ज पोहोचूच दिला नव्हता, त्याच घराण्याच्या राणीने कूपरच्या नातवासारख्या माणसाच्या खांद्यावर तलवार ठेवली. तरुणांचा राग चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. अर्ज दाबला जातो तेव्हा राग यायलाच हवा. पण लेक टायर्सचा राजीनामा पाहिला की त्यांना मऊ म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

१९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री डॉन डन्स्टन यांनी राज्यपालपदासाठी त्यांचे नाव सुचवले. तिसरीपर्यंतच्या शाळेत शिकलेला, डांबराचा डबा घेऊन धावलेला, तंबूत ठोसे खाल्लेला माणूस राजभवनात! वर्तमानपत्रांतून त्यांच्या पात्रतेविषयी शंका घेणारे निघालेच. १ डिसेंबर १९७६ रोजी त्यांनी शपथ घेतली. ऑस्ट्रेलियाच्या कोणत्याही राज्याचे राज्यपाल झालेले ते पहिले मूळ रहिवासी. दुर्दैवाने दोन महिनेही झाले नव्हते तोच, जानेवारी १९७७ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही मार्चमध्ये राणी एलिझाबेथ दौऱ्यावर आल्या तेव्हा त्यांनी यजमानपद सांभाळले. ३० एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. अवघ्या पाच महिन्यांचे राज्यपालपद. ग्लॅडिसबाई १९८१ साली गेल्या.

फिट्झरॉय क्लबचेही दिवस फिरले आणि १९९६ च्या हंगामानंतर तो ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. मेलबर्नच्या पार्लमेंटजवळच्या बागेत २००७ साली डग आणि ग्लॅडिस या दोघांचा पुतळा उभारला गेला. दोघांचा शेजारी शेजारी, हे आम्हाला विशेष आवडले. २०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ होणाऱ्या सामन्यांच्या फेरीला त्यांचे नाव देण्यात आले. त्या सामन्यांत सगळे क्लब मूळ रहिवासी चित्रकारांनी काढलेल्या नक्षीचे पोशाख घालतात. त्यात कार्लटनही असते.

४ जून १९८८ रोजी सर डग्लस निकल्स यांचे निधन झाले. सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. नंतर त्यांना मेलबर्नहून उत्तरेला, नदी ओलांडून नेले आणि कमरागंजाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांमध्ये ठेवले.